गवतही उगवत नव्हतं त्या गावातली बाग: सडबरीचं बेल पार्क

कॅनडातल्या सडबरी शहरात रॅम्झी तळ्याच्या काठाने चालायला लागलं की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. झाडांमधून डोकं वर काढणारे खडक काळे आहेत. हे काळेपण कोळशाचं नाही, ते जुन्या तव्याच्या बुडासारखं आहे. वरून काजळी चढलेली, हाताला जरा खरखरीत. एखादा खडक फुटलेला दिसला तर थांबून आत बघावं. आतला दगड करडा, कुठे गुलाबी, अगदी स्वच्छ असतो. काळी आहे ती फक्त साल, आणि तीही नखाएवढी जाड नसते.

ही साल धुराची आहे. आणि जिथे धुराने दगडाचा रंग बदलला, त्या गावात तळ्याकाठी पोहायला वाळूचा किनारा, संगीतासाठी खुलं नाट्यगृह, फुलांचे ताटवे आणि मैलभर चालायला लाकडी पायवाट असलेली बाग कशी उभी राहिली, हे समजून घेण्यासारखं आहे. बागेचं नाव बेल पार्क. ती शहराच्या महापालिकेची मुख्य बाग. तिची गोष्ट सांगताना बाकडी आणि झोपाळे मोजून भागत नाही. आधी जमिनीखाली जावं लागतं, मग हवेत, मग मातीत.

जमिनीखाली काय आहे? साधारण १८५ कोटी वर्षांपूर्वी अवकाशातून आलेला एक प्रचंड गोळा इथे आदळला. तो १० ते १५ किलोमीटर रुंदीचा असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्या धडकेने पृथ्वीचं कवच वितळलं, आणि वितळलेला रस थंड होताना त्यातले जड पदार्थ तळाशी बसले. निकेल, तांबं आणि त्यांना चिकटून असलेलं गंधक, हे सगळं त्या तळाच्या थरात साठलं. आज ते विवर चेपून लांबट झालंय, सुमारे ६० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद, आणि त्याच्या कडेने खाणी आहेत. १८८३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा मार्ग टाकताना इथला गंजलेल्या रंगाचा खडक लोकांच्या नजरेत आला. १८८६ मध्ये कॅनेडियन कॉपर कंपनी निघाली. नावातच तांबं आहे, कारण सुरुवातीला हवं होतं तेच. निकेल तेव्हा तांब्यात मिसळून त्रास देणारी भेसळ वाटायचं. पोलादात निकेल घातलं की चिलखती पत्रा कमालीचा चिवट होतो हे कळल्यावर चित्र पालटलं, आणि सडबरी जगाची निकेलची खाण झाली.

आता त्या गंधकाकडे येऊ, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं.

सडबरीच्या खनिजात धातू सुटे नसतात, ते गंधकाशी बांधलेले असतात. धातू मिळवायचा तर आधी गंधक जाळून घालवावं लागतं. सुरुवातीच्या काळात त्यासाठी कारखानाही नव्हता. उघड्यावर सरपणाचे ओंडके रचायचे, त्यावर खनिजाचा ढीग ओतायचा आणि खालून पेटवून द्यायचं. ओंडके जळून जायचे, पण तोवर खनिजातल्या गंधकानेच पेट घेतलेला असायचा, आणि ढीग महिनोन्महिने धुमसत राहायचा. या जागांना रोस्ट यार्ड म्हणत. अशी भाजणी १८८८ पासून १९२९ पर्यंत चालली. तिने दोन बाजूंनी घाव घातला. सरपणासाठी जंगल तुटलं, आणि जे उभं राहिलं ते धुराने मेलं. त्या धुराला धुराडं नव्हतं. तो वर जायचाच नाही, जमिनीलगत सरपटत शेतांत आणि झाडांत शिरायचा. शेतकऱ्यांच्या तक्रारी इतक्या झाल्या की १९२१ मध्ये ओंटारियो प्रांताने धुराने झालेल्या नुकसानीचे दावे लवादाकडे नेणारा कायदा केला. त्या कायद्याने झाडं वाचली नाहीत, फक्त भरपाईचा हिशोब एका ठिकाणी आला.

गंधक जळलं की सल्फर डायऑक्साइड हा वायू होतो. तो झाडाला कसा मारतो? पानाच्या खालच्या बाजूला श्वास घ्यायची सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून हा वायू आत जातो, पानातल्या ओलाव्यात विरघळतो आणि आम्ल बनून पेशी जाळतो. पानं करपतात. पाइनसारख्या झाडांना याचा फटका जास्त बसतो, कारण त्यांची सुईसारखी पानं काही वर्षं झाडावरच राहतात, दरवर्षी सगळी गळून पडत नाहीत.

पानाचं नुकसान दिसतं तरी. खरा घात मातीत होतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. वायू आणि पावसाबरोबर आलेलं आम्ल वर्षानुवर्षं मातीत मुरलं. आम्लता मोजायचं माप म्हणजे पीएच. ७ हा आकडा मधला, त्याखाली आम्ल. या मापात एक अंक खाली आला की आम्लता दहापट होते, दोन अंक खाली आले की शंभरपट. सडबरीच्या उघड्या टेकड्यांवरच्या मातीचा पीएच ४ च्या आसपास, कुठे त्याच्याही खाली उतरला होता. इतक्या आम्ल मातीत एक वेगळंच संकट उभं राहतं. चिकणमातीत ॲल्युमिनियम नेहमीच असतं, पण ते कणांत घट्ट बसलेलं असतं, झाडाला त्रास देत नाही. आम्लता वाढली की ते विरघळून पाण्यात उतरतं. भट्ट्यांच्या धुळीबरोबर मातीवर पडलेलं तांबं आणि निकेलही त्याच पाण्यात मिसळतं. बी रुजतं, कोवळं मूळ खाली जातं, आणि त्या पाण्याला टेकताच मुळाचं टोक आखडतं, तपकिरी पडतं, वाढायचं थांबतं. वरून कोंब हिरवा दिसतो, खाली मूळ मेलेलं असतं. पहिल्याच कोरड्या आठवड्यात तो कोंब वाळून जातो.

मुळं गेली की माती धरायला कोणी उरत नाही. पावसाने टेकड्यांवरची माती धुऊन सखल भागात नेली आणि खडक उघडे पडले. जी थोडी माती उरली ती हिवाळ्यात गोठायची. बर्फाच्या बारीक सुया मातीतून वर यायच्या आणि चुकून तगलेली रोपं मुळासकट उचलून बाहेर फेकायच्या. उघड्या खडकांवर धुराची साल चढत गेली. अशा रीतीने सुमारे २० हजार हेक्टर जमीन पार उजाड झाली आणि तिच्याभोवती सुमारे ८० हजार हेक्टर अर्धवट.

बेल पार्कच्या इतिहासातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी तारीख या पार्श्वभूमीवर बघायला हवी. साल १९२६. रोस्ट यार्ड अजून धुमसत होते. सडबरीला शहराचा दर्जाही मिळाला नव्हता, तो १९३० मध्ये मिळाला. अशा वेळी विल्यम बेल या लाकडाच्या मोठ्या व्यापाऱ्याने आणि त्यांच्या पत्नी कॅथरीन यांनी तळ्याकाठची आपली सुमारे ११० एकर जमीन गावाला दिली. अट एकच, ती सार्वजनिक बाग म्हणून वापरायची.

या अटीचं मोल कळायला खाणीच्या गावाचा स्वभाव माहीत असावा लागतो. अशा गावात प्रत्येक जमिनीकडे दोन प्रश्न घेऊन पाहिलं जातं, खाली काय आहे आणि वर काय टाकता येईल. अमेरिकेतल्या ब्यूट या तांब्याच्या शहरात कोलंबिया गार्डन्स नावाची सुंदर बाग होती, १८९९ मध्ये खाणमालक विल्यम क्लार्क यांनी लोकांसाठी उघडलेली. पण मालकी शेवटपर्यंत खासगीच राहिली, पुढे ती खाण कंपनीकडे गेली, आणि १९७३ मध्ये खाण वाढवण्यासाठी बाग बंद झाली. गावाने पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर प्रेम केलं, तरी ते प्रेम कागदावर कुठेच नव्हतं. सडबरीत ते कागदावर होतं. जमीन नगरपालिकेची झाली आणि वापर अटीने बांधला गेला. पालिकेला अशा जमिनीचं काही वेगळं करायचं म्हटलं तर नागरिक दानपत्रावर बोट ठेवू शकतात. म्हणूनच आज डाउनटाउनपासून पायी जाण्याच्या अंतरावर, सगळ्यात महाग ठरली असती अशी तळ्याकाठची जमीन सगळ्यांसाठी मोकळी आहे.

बेल दांपत्याचा दगडी वाडाही जवळच उंचावर उभा आहे. बेलरॉक त्याचं नाव, बांधला १९०७ मध्ये. १९५५ मध्ये आगीत तो आतून जळाला. १९६७ मध्ये कॅनडाच्या शताब्दीच्या निमित्ताने त्याची दुरुस्ती झाली आणि पुढे अनेक वर्षं तिथे शहराचं कलादालन होतं.

बाग मिळाली, पण हवा तीच राहिली. रोस्ट यार्ड बंद झाल्यावर मोठ्या भट्ट्या आल्या, धुराडी उंच झाली, उत्पादन वाढलं. १९६० च्या दशकात या परिसरातून दरवर्षी २० लाख टनांहून जास्त सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत होता. १९७२ मध्ये ३८१ मीटर उंचीचं धुराडं सुरू झालं. लोक त्याला सुपरस्टॅक म्हणत. गावातली हवा लगेच सुधारली, कारण धूर आता फार उंचावरून दूर पांगत होता. पण पांगलेला धूर संपलेला नसतो. तो आम्ल पावसाच्या रूपाने लांबच्या तळ्यांवर उतरत राहिला. गंधक धुरातून पकडून वेगळं करायची यंत्रणा पुढच्या दशकांत बसत गेली, सरकारी नियमांचा रेटा होता, तेव्हा कुठे उत्सर्जन ९० टक्क्यांहून जास्त घटलं. आता इतका थोडा वायू निघतो की त्या प्रचंड धुराड्याची गरजच उरली नाही, आणि २०२० मध्ये ते वापरातून काढलं गेलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो अजूनही सांगितला जातो. अपोलो मोहिमेचे अंतराळवीर १९७१ आणि १९७२ मध्ये सडबरीत सरावाला आले होते. म्हणून बाहेर बोललं गेलं की हे गाव चंद्रासारखं ओसाड आहे, सराव त्यासाठीच. ते आले होते खडक बघायला. उल्कापाताच्या धडकेने खडकात शंकूच्या आकाराच्या भेगा पडतात, आणि त्या सडबरीत उत्तम दिसतात. चंद्रावर तसेच खडक ओळखता यावेत म्हणून तो अभ्यास होता. पण गाव तेव्हा खरंच उजाड होतं, त्यामुळे ही चुकीची गोष्ट गावाला फार लागली. हा सल पुढच्या कामामागे होता असं मला वाटतं.

ते काम १९७८ मध्ये सुरू झालं. निकेलचा बाजार पडला होता, खाणीत मोठी नोकरकपात झाली होती, आणि उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना हाताला काम नव्हतं. दुसरीकडे लॉरेन्शियन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ कीथ विंटरहॉल्डर आणि त्यांचे सहकारी काही वर्षांपासून छोट्या तुकड्यांवर प्रयोग करत होते. त्यांचा निष्कर्ष साधा होता. जमिनीला आधी खत नको, रोपं नकोत, आधी चुनखडी हवी.

दळलेली चुनखडी आम्ल मारते हे शेतकऱ्यालाही माहीत असतं. सडबरीत तिचं काम त्याहून मोठं होतं. पीएच वर सरकला की विरघळलेलं ॲल्युमिनियम, तांबं आणि निकेल पुन्हा मातीच्या कणांना चिकटून बसतात. विष मातीतच राहतं, पण मुळाला लागत नाही. शिवाय इथे वापरलेल्या डोलोमाइट जातीच्या चुनखडीत कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असतं, आणि उपाशी मातीला दोन्ही हवे होते.

आता ती टेकडी डोळ्यांपुढे आणा. चढ खडकाळ, ट्रॅक्टर चढत नाही. खाली रस्त्यावर चुनखडीच्या गोण्या उतरवलेल्या. मुलंमुली एकेक गोणी खांद्यावर घेऊन वर जातात, ठरलेल्या अंतरावर ठेवतात, मग फोडून हाताने पसरतात. प्रमाण हेक्टरी सुमारे १० टन. पांढरी भुकटी काळ्या खडकांच्या बेचक्यांत, उरल्यासुरल्या मातीवर, गोट्यांच्या फटींत. कपडे पांढरे, भुवया पांढऱ्या. नांगरून ती मातीत मिसळायचीही सोय नव्हती, वरवर टाकून पावसावर सोडायची. त्यानंतर थोडं खत, आणि मग गवत आणि क्लोव्हरसारख्या शेंगवर्गीय वनस्पतींचं मिश्र बी. शेंगवर्गीय यासाठी की त्यांच्या मुळांवरचे जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून मातीला देतात. गवताने जमीन झाकली की हिवाळ्यात बर्फाच्या सुया रोपं उपटत नाहीत.

पुढे जे झालं त्याने स्वतः शास्त्रज्ञही सुखावले. चुनखडी टाकलेल्या जागी काही वर्षांत न लावलेली झाडं उगवली. बर्च, विलो, पॉप्लर. त्यांचं हलकं बी वाऱ्याबरोबर दरवर्षी येतच होतं, फक्त मूळ धरायला जागा नव्हती. कुलूप मातीचं होतं, ते निघाल्यावर बी आपोआप आत आलं. पाइन, स्प्रूस, ओक मात्र हाताने लावावे लागले, आणि २०२२ पर्यंत लावलेल्या झाडांचा आकडा १ कोटीवर गेला. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या कामासाठी शहराचा सन्मान केला. एक मात्र सांगायला हवं, सगळीकडे चुना टाकला गेला नाही आणि ते बरंच झालं. रानटी ब्लूबेरीला आम्ल मातीच आवडते, आणि सडबरीच्या टेकड्यांवर ती अजूनही भरपूर पिकते. एका जातीच्या गवताने तर धातू सहन करणारं वाण आपसूकच तयार केलं होतं.

बेल पार्कला आज जे रूप आहे ते या सगळ्या पार्श्वभूमीवर वाचलं की वेगळं दिसतं. उतारावरचं ग्रेस हार्टमन ॲम्फीथिएटर घ्या. हार्टमन या शहराच्या पहिल्या महिला महापौर. प्रेक्षक उतारावर बसतात, रंगमंच खाली, आणि त्याच्या मागे तळं. इथे दर उन्हाळ्यात नॉर्दर्न लाइट्स फेस्टिव्हल बोरेआल हा संगीत महोत्सव भरतो. तो १९७२ पासून चालू आहे, म्हणजे सुपरस्टॅक सुरू झालं त्याच वर्षापासून. नावात इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही आहेत, कारण सडबरीत फ्रेंच बोलणारी वस्ती मोठी आहे आणि महोत्सव दोघांचा आहे. विल्यम बेल यांच्या नावाचा गझीबो, म्हणजे छत्रीसारखा मंडप, छोट्या मैफलींसाठी आहे. जिम गॉर्डन या माजी महापौरांच्या नावाची लाकडी पायवाट काठाकाठाने सायन्स नॉर्थ या विज्ञान केंद्रापर्यंत जाते. ते केंद्र १९८४ मध्ये उघडलं, इमारत हिमकणाच्या आकाराची. फळ्यांची पायवाट का, साधा डांबरी रस्ता का नाही? काठाचा खडक फोडावा लागत नाही, आणि पावसाचं पाणी फळ्यांच्या फटींतून खाली झिरपतं. व्हीलचेअर आणि बाबागाडी दोन्ही सहज जातात.

मेन बीच हा पोहण्याचा किनारा, उन्हाळ्यात तिथे जीवरक्षक असतात. मुलांची खेळायची जागा, हिरवळ, बसायची टेबलं आहेतच. हिवाळ्यात तळं गोठतं तेव्हा पालिका बर्फावर स्केटिंगची वाट साफ करून ठेवते, आणि महिनोन्महिने उणे तापमानात राहणाऱ्या लोकांना घराबाहेर पडायला एक कारण मिळतं.

एका गोष्टीकडे पोहायला येणाऱ्यांचं लक्ष सहसा जात नाही. रॅम्झी तळं हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचाही स्रोत आहे. म्हणजे ज्या किनाऱ्यावर मुलं डुंबतात, त्याच तळ्याचं पाणी शुद्ध होऊन शहरातल्या अनेक घरांत नळाला येतं. त्यामुळे बागेतल्या झाडांचं काम सावलीपुरतं नाही. उतारावरून येणारं पावसाचं पाणी मुळांच्या जाळीतून गाळून तळ्यात जातं. मुळं नसतील तर माती आणि तिच्याबरोबर फॉस्फरस तळ्यात उतरतो, त्यावर निळ्या-हिरव्या शेवाळासारखे जिवाणू फोफावतात, आणि त्यांतले काही विषारी असतात. रॅम्झीत असे थर आलेले आहेत, आणि तसं झालं की पोहणाऱ्यांना सावध केलं जातं. दुसरा त्रास मिठाचा. हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ वाहून तळ्यात जातं. ओंटारियोत पिण्याच्या पाण्यात सोडियम लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या वर गेलं की आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि रॅम्झीचं पाणी त्या रेषेच्या वर आहे. धूर जसा डोळ्यांना दिसायचा तसं मीठ दिसत नाही, म्हणून त्याच्याविषयी बोलणं मला जास्त गरजेचं वाटतं.

गोण्या उचलण्याचं काम थांबलेलं नाही. उन्हाळ्यात कामगारांच्या तुकड्या अजूनही उघड्या उतारांवर चुनखडी पसरतात आणि रोपं लावतात. अलीकडच्या वर्षांत त्यात एक नवी पद्धत आली आहे. चांगल्या जंगलातून चटईसारखा मातीचा तुकडा कापायचा, बारीक झुडपं, शेवाळ, बुरशी, किडे सगळ्यांसकट, आणि नव्या झाडांखाली आणून बसवायचा. झाडं उभी राहिली तरी त्यांच्या पायाशी जंगलाची जमीन तयार व्हायला फार काळ लागतो, तो यामुळे थोडा कमी होतो. बेल पार्कच्या पायवाटेवरून समोरच्या टेकड्यांकडे पाहिलं की लावलेले पाइन सारख्या उंचीचे, गडद हिरवे दिसतात, आणि त्यांच्यामध्ये फिक्या सालीचे, वेडेवाकडे वाढलेले बर्च. ते कोणी लावलेले नाहीत.